देठाविना आलेली फुलं

जनावरांच्या दवाखान्यात उभी नोकरी काढलेल्या माणसाने फुलांवर लिहायचं ठरवलं, याचं सूनबाईला हसू आलं. "मामंजी, तुम्ही बैलांवर लिहा की. ते तुमचं खातं." तिचं चूक नाही. बैलांनी आणि म्हशींनीच मला पगार दिला. पण आता कानांनी कमी ऐकू येतं, दिवस लांबच लांब वाटतो, आणि ओसरीवर बसलं की मनात बैल येत नाहीत. पिवळ्या पडलेल्या कागदांवर चिकटवलेली फुलं येतात, आणि ती तोडणारे हात येतात.

मी हिंगोलीच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून लागलो तेव्हा निजामाचं राज्य होतं. पाटीवर उर्दूत शिफाखाना लिहिलेलं होतं, लोक त्याला ढोरदवाखाना म्हणत. ड्रेसरचं काम म्हणजे जखमा धुणं, किडे काढणं, बैल पाडून धरणं, बांबूच्या नळीने औषध पाजणं. आणखी एक काम होतं, ते बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. जनावर एकाएकी मेलं की त्याचं पोट फाडून बघायचं. आत अर्धवट चघळलेला पाला असतो. तो बादलीत धुऊन घ्यायचा आणि कोणत्या झाडाचा ते ओळखायचं. जनावर विषारी काही खाऊन मेलं की रोगाने, हे त्यावर ठरायचं. रोग निघाला तर सगळ्या गावाच्या ढोरांना टोचावं लागे. पाला निघाला तर रान शोधावं लागे.

नुसत्या पानावरून ओळख पटत नाही. दहा तणांची पानं एकसारखी असतात. फूल मिळालं तर खात्री होते. आमचे डॉक्टरसाहेब हैदराबादचे, सडसडीत बांध्याचे, अचकनच्या खिशात कायम भिंग. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला रोप मुळासकट कसं उपटायचं, उर्दू अखबाराच्या घड्यांत कसं दाबायचं, वर दगड ठेवून रोज कागद कसा बदलायचा, हे सगळं शिकवलं. "ग्यानोबा, फूल नहीं तो नाम नहीं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. माझं नाव ज्ञानोबा, ते त्यांच्या तोंडी असंच यायचं.

पुढे लग्न झालं. प्रयाग गोरेगावची. अक्षरओळख नव्हती. हिंगोलीत दोन खोल्यांचं भाड्याचं घर, मागे न्हाणी, न्हाणीच्या पाण्याची नाली. नव्या सुनेनं गावभर हिंडावं असे ते दिवस नव्हते. घर ते विहीर, विहीर ते ओढा, सोमवारी महादेवाचं देऊळ, एवढाच तिचा मुलूख. पण त्या वाटेने ती खाली बघत चालायची. मला आधी वाटलं, लाजते. ती फुलं बघायची. मोहरीच्या दाण्याएवढं फूलसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नसे. नाव माहीत नसलं तर स्वतःच नाव ठेवायची.

एका हिवाळ्यात जवळा बाजारहून बोलावणं आलं. तिथल्या पाटलाच्या चार म्हशी आठ दिवसांत मेल्या होत्या, पाचवी मान टाकून बसली होती. पाटलाचा संशय तांड्यावरच्या सोमली नावाच्या बाईवर. ती रोज गवताचा भारा विकायला आणायची. भाऱ्याला विष लावलं म्हणून तिला चावडीत बसवून ठेवलं होतं. आम्ही औंढ्यापर्यंत मोटारीने आणि पुढे बैलांच्या दमणीने गेलो, पोचेपर्यंत दुपार कललेली. चावडीसमोरून जाताना बघितलं, तर बाईच्या दंडावर माराचे वळ होते.

शेवटी मेलेली म्हैस फाडली. पोटात बारीक पानं, चौकोनी काडी आणि मिऱ्याएवढ्या गोल बोंड्या. उरलेल्या भाऱ्यात तेच तण. पण फूल एकही नाही. गव्हात उगवणारं एक मऊ तण ढोरं आवडीने खातात, तसंच ते दिसत होतं. डॉक्टरसाहेबांनी भिंगातून पुन्हा पुन्हा बघितलं आणि मान हलवली. दोन दिवसांनी आम्ही परत गेलो, ओल्या रानात गुडघ्यावर बसून शोधलं. तेव्हाही दुपार टळलेली, तेव्हाही फूल नाही. पाटील मागे उभा राहून म्हणाला, "साहेब, तुमी गवत काय हुडकून राहिले? तिला विचारा." तहसिलीत अहवाल द्यायचा होता. आम्ही काही लिहिलं नाही तर बाईला परभणीच्या तुरुंगात धाडणार होते.

मी तणाची एक जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणली. प्रयागने ती पाण्याच्या तांब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यातून आलो तर म्हणाली, "तुमी आणलेलं फुललं होतं सकाळी. निळं निळं."

मी तांब्यात बघितलं. हिरव्या काड्या, दुसरं काही नाही. "कुठं आहे?"

"आता मिटलं. ह्याचं असंच असतंय. ऊन आलं की उघडतंय, दुपार झाली की झाकून घेतंय. आभाळ आलं तर दिवसभर उघडत न्हाई. मी झाकणी म्हणते त्याला."

"तू आधी बघितलंस?"

"आपल्या नालीवरच हाय की. दोन वर्सं झाली."

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात उशिरा गेलो. आम्ही दोघं नालीच्या कडेला उकिडवे बसलो. ऊन भिंतीवरून उतरत उतरत नालीवर आलं. बराच वेळ काही झालं नाही. मग एक कळी सैल झाली, मग दुसरी. पाच पाकळ्यांचं, शर्टाच्या गुंडीहून लहान फूल, गर्द निळं, मधोमध जांभळट लाल ठिपका आणि पिवळे तुरे. प्रयाग माझ्याकडे बघत होती, फुलाकडे नाही. "हाय का न्हाई?" म्हणाली. नोकरीत मला दोनदा बढती मिळाली, पण त्या सकाळी नालीच्या वासात बसून जेवढा आनंद झाला, तेवढा पुन्हा झाल्याचं आठवत नाही.

घरातल्या तांब्यातली फुलंही उघडली होती. तांब्या तसाच उचलला आणि निघालो. दिवसा उजेडी भर बाजारातून तांब्या हातात घेऊन लगबगीने चाललेला सरकारी नोकर बघून लोकांनी वाट करून दिली, एकदोघांनी ओढ्याची जवळची वाटही दाखवली. डॉक्टरसाहेबांनी फूल बघितलं, पानाखालचे काळे ठिपके बघितले, बोंडीला नख लावलं तर तिचं टोपण डबीसारखं निघालं. त्यांनी जाडं इंग्रजी पुस्तक उघडलं आणि अर्ध्या तासात नाव सापडलं. या तणाने मेंढ्या आणि ढोरं मरतात, असंही त्यात होतं.

अहवाल घेऊन आम्ही जवळ्याला गेलो, या वेळी पहाटे निघून सकाळच्या उन्हात. पाटलाच्या विहिरीखालच्या गव्हात निळा सडा पडला होता. सोमली तिथलंच तण कापायची, पाटलाच्याच परवानगीने, दुपारनंतर, फुलं मिटल्यावर. तिला सोडलं तेव्हा ती पाटलासमोर उभी राहून म्हणाली, "त्यायच्याच रानातलं तण त्यायच्याच म्हशीनं खाल्लं. मंग मला काहून मारलं?" परत येताना दमणीत डॉक्टरसाहेब मला एवढंच म्हणाले, "घर में हमारा सलाम बोलना."

त्यानंतर साहेब नवीन काही दिसलं की आधी विचारायचे, "घर में क्या बोलते?" प्रयाग विहिरीवरून येताना पदराच्या गाठीत रोप बांधून आणायची. रोप कधी तुटलं नाही, कधी चुरगळलं नाही. मूळ, पान, फूल, बी, सगळं शाबूत. केना, माका, विष्णुक्रांता, पाथरी, आणि नावं न लागलेली कितीतरी. मी रात्री कंदिलापाशी चिकटवायचो, ती शेजारी बसून फुलाचं तिचं नाव सांगायची. मी कागदावर दोन्ही लिहायचो, पुस्तकातलं आणि तिचं.

आमची कीर्ती भलतीकडे पसरली. आखाडा बाळापूरचा एक शेतकरी जोंधळ्याच्या ताटांसकट टारफुला घेऊन दवाखान्यात आला. टारफुला दिसायला गोजिरवाणा, पण जोंधळ्याच्या मुळाला लागून सगळा रस पिऊन टाकतो. "ह्यानं माझं रान खाल्लं, औषिद द्या," म्हणाला. मी म्हटलं, "बाबा, हा ढोरांचा दवाखाना आहे." तर म्हणतो, "व्हय, पण तुमच्या घरातल्या बाईला फुलातलं कळतंय म्हणं." फूल धरायच्या आत उपटून जाळ, एवढंच सांगू शकलो. पुढच्या वर्षी त्याने टोपलीभर हुरडा आणून दिला.

मग कौसल्या झाली. आम्ही कौशी म्हणायचो, ती मला आबा म्हणायची. ती चालायला लागली तशी आईचा पदर धरून त्याच वाटेने जाऊ लागली. डॉक्टरसाहेबांची बदली झाली. जाताना ते भिंग मला देऊन गेले.

सत्तेचाळीस साली सगळीकडे झेंडा लागला, आमच्याकडे नाही. निजामाचं राज्य जायचं की राहायचं, यावरून गावोगाव दहशत बसली. हत्यारबंद टोळ्या फिरायच्या, गावं जळायची. दिवाळी झाल्यावर मी प्रयागला आणि चार वर्षांच्या कौशीला गोरेगावमार्गे पैनगंगेपलीकडे तिच्या मामाकडे पोचवलं. पलीकडे वऱ्हाड, तिथे निजामाचा अंमल नव्हता. मी नोकरीसाठी परत आलो. दोन महिन्यांची गोष्ट आहे, असं तिला सांगितलं. मलाही तसंच वाटत होतं.

टपालाचा भरवसा उरला नाही. नदीच्या उताराला नाका बसला, झडती व्हायची. लिहिलेला कागद सापडला तर आणणाऱ्याची धडगत नव्हती. पण सटवाजी कासार बांगड्यांची माळ घेऊन दोन्ही तीरांवर फिरायचा, त्याला कोणी अडवत नसे. बायकांना बांगड्या लागतातच. त्याच्याबरोबर प्रयागने पहिल्यांदा बांगड्यांच्या पेंढ्यात कागदाची पुडी धाडली. पुडीत वाळलेली फुलं.

मी ती घाईघाईने उलगडली. पाथरीचं पिवळं फूल होतं, म्हणजे ती गव्हा-हरभऱ्याच्या रानात जाते. माका होता, म्हणजे पाण्यावर जाते. फुलांवरून तिचा दिवस मला दिसायचा. पण एका गोष्टीचा रागही आला. फुलांना देठ नव्हते. गळ्यापाशी खुडलेली, मुठीत दाबल्यासारखी, चुरगळलेली. सहासात वर्षं जिने एक मूळ तुटू दिलं नाही, ती आता अशी का पाठवते? मी ती तशीच कागदावर चिकटवली आणि कासाराजवळ तोंडी निरोप दिला, "तिला म्हणावं देठासकट, पानासकट पाठव. नुसत्या फुलाचा काय उपयोग?"

सटवाजी हसला. "सांगतो. पण मालक, पाठवणाऱ्याचा हात बी बघा की."

मला वाटलं, तो थट्टा करतो. पुढे तीनदा पुड्या आल्या, तशाच. बिनदेठाच्या.

चैत्रात महिनाभर कासार आला नाही. मी रोज संध्याकाळी वेशीपर्यंत जायचो. वैशाखात तो आला, माळ खाली ठेवली, पाणी प्यायला आणि पुडी दिली. उन्हाळ्यात फुलं कमी, तरी तीन रोपं होती. आणि ती बघून मी खूश झालो. मूळ, देठ, पानं, सगळं नीट सपाट दाबलेलं. मी म्हटलं, "सटवाजी, तिला सांग, आता नमुने बराबर येऊन राहिले. असंच पाठवत जा."

तो खाली बघून माळेची दोरी आवळत होता. "व्हय, सांगतो," म्हणाला. नेहमीसारखा बसला नाही, गप्पा मारल्या नाहीत, लगेच उठला. मी विचारलं, "कौशी बरी आहे ना?" तो माळ खांद्यावर घेत म्हणाला, "तुमची आठवण काढतात सगळे." मी तेवढ्यावर समाधान मानलं. त्या पुडीला भिंग लावून मी पानाची कड, पाकळ्यांची संख्या, बियांचा रंग बघितला, सगळं लिहून ठेवलं. आषाढात, श्रावणात आणखी पुड्या आल्या. सगळी रोपं नमुनेदार.

भाद्रपदात पोलीस ॲक्शन झाली आणि चार दिवसांत राज्य बदललं. पुढेही काही दिवस सगळीकडे वाईट चाललं. या वेळी मार खाणारे दुसरे होते, आणि मला डॉक्टरसाहेबांची काळजी वाटायची. त्यांचा ठावठिकाणा मला पुढे कधीच लागला नाही. नदीचा पूर ओसरल्यावर रजा घेऊन निघालो. हिंगोलीच्या बाजारात कौशीसाठी परकर घेतला. वर्षभरात वाढली असेल म्हणून शिंप्याला दोन बोटं मोठा ठेवायला सांगितला.

मामाच्या दारात प्रयाग जोंधळा पाखडत होती. मला बघून सूप हातातच राहिलं. मी विचारलं, "कौशी कुठं आहे?"

मामा आतून आले, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मला ओट्यावर बसवलं. चैत्रात गावात गोवर आला होता. सहा दिवस ताप. सातव्या दिवशी सकाळी गेली.

प्रयाग त्या दिवशी रडली नाही. तिचं रडून झालं होतं. संध्याकाळी नदीवर गेलो तेव्हा ती बोलली. "मीच कासारदादाला म्हणलं, सांगू नका. तुमी ऐकलं असतं तर तसेच निघाला असता, आन नाक्यावर मारलं असतं तुमाला. दोघंबी गेले असते माझे."

मी मान हलवली.

"पहिली फुलं ती तोडायची," ती म्हणाली. "आबाला पाठवायची म्हणून मला हात लावू द्यायची न्हाई. देठ धरायचं तिला समजत नव्हतं. तुमचा निरोप आला, देठासकट पाठव म्हणून. मी तिला शिकवून बघितलं. पुन्हा मुठीतच आणायची. मंग ती गेल्यावर मी पाठवली. मला तोंडानं सांगवत न्हवतं. मला वाटलं, तुमी एवढं पान पान ओळखता, फुलं बघून तुमाला समजंल."

"मला नाही समजलं, प्रयाग."

"व्हय. निरोप आला, आता बराबर येऊन राहिले म्हणून. त्या दिवशी मी लई रडले. मंग वाटलं, बरं झालं न्हाई समजलं. निदान तुमी तरी तिकडं सुखात हाव."

मी नोकरीत शेकडो जनावरांच्या पोटातला पाला ओळखला. पुढे नव्या साहेबांनी माझं कौतुक केलं, दुसऱ्या तालुक्यांतून मला बोलावणी यायची. लोक हुशार म्हणायचे तेव्हा मी मान खाली घालायचो, आणि त्यांना तो विनय वाटायचा. दोन पुड्या शेजारी शेजारी ठेवल्या असत्या तर आंधळ्यालाही तोडणारा हात बदलल्याचं कळलं असतं. मी एकेका पुडीला भिंग लावत बसलो.

हिंगोलीला परत आल्यावर प्रयाग त्याच वाटेने विहिरीवर जाऊ लागली. पण खाली बघणं सोडलं. पदराच्या गाठीत पुन्हा कधी रोप आलं नाही. मी एकदोनदा मुद्दाम एखादं फूल आणून दाखवलं. ती बघायची, "चांगलं हाय" म्हणायची आणि चुलीकडे वळायची. पुढे दोन मुलगे झाले, संसार झाला, ती हसायचीही. पण नालीच्या कडेला बसून "हाय का न्हाई?" म्हणणारी ती बाई मला पुन्हा भेटली नाही. शेजारी झोपलेल्या माणसाची आठवण येते, हे मी कोणाला सांगू शकलो नाही. आता तिला जाऊनही सहा वर्षं झाली.

एकच गोष्ट सांगायची राहिली. परतल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात एका दुपारी मी घरी आलो तर प्रयागने फळीवरचं कागदांचं गाठोडं खाली काढलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने त्यातले सात कागद बरोबर बाजूला काढले होते. बिनदेठाच्या फुलांचे. कागदाच्या कोपऱ्यात फूल कोणी गोळा केलं ते लिहायचं असतं. तिने तिथे बोट ठेवलं.

"इथं काय लिवलंय?"

"तुझं नाव."

"हे मी न्हाई तोडलं."

मी दौत-टाक घेतला, सातही कागदांवरचं तिचं नाव खोडलं आणि लिहिलं: कौसल्या ज्ञानोबा जाधव, वय वर्षे चार. कौशीचं नाव शाळेत घातलेलं नव्हतं. तिचा फोटो नव्हता. तिचं नाव असलेला घरातला तो पहिला कागद.

शाई वाळेपर्यंत प्रयाग शेजारी बसून होती. मग म्हणाली, "वाचा."

मी वाचलं.

"सगळे वाचा," ती म्हणाली.

मी एकेक कागद उचलून वाचत गेलो. नाव सातही वेळा तेच होतं, आणि प्रत्येक वेळी ती मान हलवत होती.